पुढे पंचवीस, मागे पस्तीस

पेट्रोल पंपावर हवेच्या नळीपाशी गाडी लावली की पोरगा मान वर न करता विचारतो, "पुढे पंचवीस, मागे पस्तीस?" गाडी कुठली, टायर कुठला, मागे बायको बसते की गॅसची टाकी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कुठल्यातरी शंभर सीसी गाडीच्या चेनकव्हरावरच्या स्टिकरवरून हा आकडा उठला असावा आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला असावा. मीही वीसेक वर्षं त्याला "हं" म्हणत आलो. तो माझ्यावर उलटला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टैला.

इरुंगट्टुकोट्टै माझ्या घरापासून सरळ रस्त्यावर आहे. हे मी गमतीनं म्हणत नाही. वारज्याच्या पुलाखालून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायचा. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी असं करत श्रीपेरुंबुदूर ओलांडायचं, की त्याच महामार्गाच्या कडेला, कारखान्यांच्या गर्दीत, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा शर्यतींचा ट्रॅक लागतो. १९९० पासूनचा. हल्ली त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, जुने लोक अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. पावणेचार किलोमीटरला जरा कमी लांबी आणि बारा वळणं. पुण्याहून सुमारे साडेअकराशे किलोमीटर.

तिथे ट्रॅकवर आपली गाडी पळवायला दोन जातींची माणसं येतात. एक, टेम्पोतून गाडी आणणारी, सोबत सुटे टायर आणि जेवणाचे डबे. दुसरी, गाडी चालवतच येणारी आणि चालवतच परत जाणारी. मी दुसऱ्या जातीतला. चाकणमध्ये बनलेली ३९० ड्यूक मोटरसायकल, पाठीवर सॅक, मागच्या सीटला बांधलेली पिशवी. टायर मला एकच परवडतो. त्यानंच साताऱ्याच्या पुढचा पाऊस झेलायचा, त्यानंच दावणगेऱ्याची सरळ कंटाळवाणी दुपार काढायची आणि त्यानंच दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जमिनीला टेकेल इतकी गाडी झोपवली तर धरून ठेवायचं. सून म्हणून आलेल्या मुलीकडून पूर्वीचं घर ज्या अपेक्षा करायचं, तसलाच हा प्रकार.

पहिल्या खेपेला श्रीपेरुंबुदूरच्या लॉजवरून पहाटे निघालो. वाटेत पंपावर हवा भरून घेतली. तमिळ येत नसल्यामुळे बोटांनी खुणा केल्या आणि सवयीनं तोच आकडा दिला. पुढे पंचवीस, मागे पस्तीस. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची सेशन होती. पहिलं बिचकत गेलं. दुसऱ्यात मजा आली. तिसऱ्यात मागचं चाक साबणावर ठेवल्यासारखं वाटायला लागलं. आधी किंचित हलायचं आणि परत जागेवर यायचं. मला वाटलं, यालाच ते लोक "टायर बोलतो" म्हणत असणार. एका हळू वळणातून बाहेर पडताना मी थ्रॉटल जरा लवकर उघडला. टायर बोलायचा थांबला आणि गाडी माझ्याआधी गवतात पोचली.

लागलं काहीच नाही. ब्रेकचा लिव्हर वाकला, फुटपेग मोडला, इभ्रत गेली. तिथल्या शिकवणाऱ्यानं खिशातून हवा मोजायचा गेज काढून मागच्या चाकाला लावला आणि काही न बोलता मला दाखवला. एक्केचाळीस.

"पस्तीस भरली होती," मी म्हणालो.

"केव्हा?"

या एका शब्दाचं उत्तर द्यायला मला पुढची दोन वर्षं लागली.

शाळेत शिकवलेलंच असतं ते. बंद भांड्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो. फक्त तिथे दाब मोजायचा तो निर्वात पोकळीपासून आणि तापमान केल्विनमध्ये, म्हणून आपण ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवतो. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरची हवा स्वतःच पावणेपंधरा पीएसआयनं, म्हणजे दर चौरस इंचाला तितक्या पौंडांनी, दाबत असते, ती यात धरावी लागते. पस्तीस म्हणजे खरे एकोणपन्नास-पन्नास. सकाळी सव्वीस अंश तापमानाला भरलेली ही हवा चाकात पासष्ट अंशांपर्यंत तापली तर हिशोब छप्पनवर जातो. त्यातून बाहेरची हवा वजा केली की एक्केचाळीसच्या थोडं वर. गेज खोटं बोलत नव्हता आणि पंपावरचा पोरगाही. "केव्हा" एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

आणि दाब वाढला की जमिनीला टेकणारा तुकडा लहान होतो. एका चाकावर शंभर किलो भार आणि आत तीस पीएसआय हवा असं धरलं, तर ढोबळ हिशोबानं टायरचा सत्तेचाळीस चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. म्हणजे जवळजवळ एक एटीएम कार्ड. टायरच्या अंगाचा ताठरपणा धरला तर हे गणित इतकं सरळ राहत नाही, पण कार्डाचा आकार डोक्यात ठेवायला बरा. वळण घेताना, ब्रेक मारताना, अडीचशे किलोंचा जीव अशा दोन कार्डांवर उभा असतो. त्या कार्डाची कड मी अज्ञानानं कातरून टाकली होती.

खरं सांगायचं तर सगळा दोष हवेचाही नव्हता. चांगला चालवणारा एक्केचाळीसवरही पडला नसता. त्याला ते साबणासारखं वाटणं दुसऱ्याच लॅपला कळलं असतं आणि तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवतात तिथे, आला असता. मला ते कौतुकाचं वाटलं, हा माझा दोष.

पण परत आल्यावर मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते असं, की टायर भिकार होता. मग सुरू झाली नव्या टायरची शोधाशोध. त्यात पुरुषांचे महिनेच्या महिने सुखात जातात.

बाजारात लांबचा पल्ला मारणाऱ्यांसाठी स्पोर्ट टूरिंग टायर असतात. नक्षी भरपूर, रबर जरा कडक, थंडीत आणि पावसात भरवशाचे. त्यांच्यापुढे रस्त्यावरचे स्पोर्ट टायर, मी ज्यांच्या मागे होतो ते. त्याच्याही पुढे रस्त्यावर चालवायला परवानगी असलेले, पण मनानं ट्रॅकचे टायर, आणि शेवटी बिननक्षीचे स्लिक. नवख्याला वाटतं जितकं पुढे जावं तितकी पकड वाढते. तसं नसतं. स्लिकला पकड येते ती गरम झाल्यावर, म्हणून टेम्पोवाले लोक चाकांना विजेच्या दुलया गुंडाळून बसलेले दिसतात. ट्रॅकवर दोन लॅप जपून मारून मी जेवढी उष्णता आणतो, तेवढ्यात रस्त्याचा टायर खुशीत असतो, स्लिक अजून झोपेत असतो. उलट बाजूही आहे. वीस मिनिटं सलग पिळला तर स्लिकला काही वाटत नाही, रस्त्याच्या टायरची मात्र वरची कातडी वितळल्यासारखी होते. म्हणजे टायर कुठला चांगला याला अर्थच नाही. किती तापमानापासून किती तापमानापर्यंत तो शुद्धीवर असतो, हे विचारायचं.

मला हवे होते त्या जातीच्या काही टायरमध्ये मधला पट्टा कडक रबराचा आणि दोन्ही कडा मऊ रबराच्या असतात. मधला पट्टा महामार्गासाठी, कडा वळणासाठी. हा शोध लावणाऱ्याला वारजे ते इरुंगट्टुकोट्टै हा रस्ता ठाऊक असणार. पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०, दोन्ही सतरा इंची, या मापात पिरेलीचा डायाब्लो रोसो थ्री, मेट्झेलरचा स्पोर्टेक एम फाइव्ह, आपल्याकडचा अपोलोचा अल्फा एच वन अशी नावं मित्रांच्या तोंडी होती. प्रत्येकाचा आपापला देव. एकानं तर मागे १६०चा टायर बसव म्हणून गळच घातली, दिसायला भारी दिसतो म्हणून. दिसतो खरा. पण चार इंची रिमवर तो दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखा बसतो, त्याचा घुमट जास्त टोकदार होतो. मग गाडी झोपवल्यावर कडा टेकायला हवी तिथे टेकत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी ठेवायची असेल तर १६० उत्तम.

टायर बसवून घेतला अण्णांकडे. बायपासला त्यांचं दुकान आहे. महाराष्ट्रातल्या हायवेवरची निम्मी पंक्चरची दुकानं मल्याळी माणसांची का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला. अण्णांनी त्याचं उत्तर कधी दिलं नाही, पण ते स्वतः कोट्टायमकडचे, वडिलांची रबराची झाडं होती. वडील पहाटे तीनला डोक्याला दिवा बांधून चीक काढायला निघायचे. खोडाला तिरकी चीर द्यायची आणि खाली वाटी लावायची. ऊन चढलं की झाडाच्या अंगातला पाण्याचा दाब उतरतो, चीक गळायचा मंदावतो. आपल्याकडे दोडामार्गातही हे असंच चालतं. तिकडच्या डोंगरांवर केरळहून आलेल्या लोकांनीच रबर लावलंय.

अण्णांनी नवा टायर हातात घेतला आणि आधी त्याच्या कुशीवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. मला एका दुसऱ्या दुकानात मोठ्या सवलतीत मिळत होता तो टायर साडेतीन वर्षांपूर्वीचा निघाला होता. दिसायला नवाकोरा, नक्षीवरचे केसही शाबूत. "हा जून भेंडीसारखा," अण्णा म्हणाले होते, "दिसतो हिरवा, पण चिरून बघ." अण्णांचं मराठी माझ्यापेक्षा रसाळ आहे.

"शंभर किलोमीटर सांभाळून," हेही त्यांनीच बजावलं. साच्यातून निघालेल्या टायरचा वरचा थर गुळगुळीत आणि चकचकीत असतो, तो घासला जाईपर्यंत पकड येत नाही. शोरूमच्या दारात नव्या गाडीवरून पडणारी मुलं बरीचशी याचीच शिकार.

आता दुसरी खेप. यावेळी मी शहाणा होऊन गेलो होतो, आणि अर्ध्या शहाण्यानं जे होतं तेच झालं. सकाळी मागे एकतीस ठेवली. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये येऊन गेज लावायचो आणि वाढलेली हवा सोडायचो. गरम असताना तीसवर आणायची, असं कुणाकडून ऐकलेलं. दिवसभर टायर सुरेख चिकटला. संध्याकाळी खुशीत लॉजवर आलो, दुसऱ्या दिवशी पहाटे सॅक बांधून निघालो. कृष्णगिरीपर्यंत गाडी जडजड वाटत होती. मला वाटलं, अंग दुखतंय म्हणून. चहाला थांबलो तेव्हा सहज टायरला हात लावला आणि हात मागे घ्यावा लागला. पासष्ट अंशांची तीस पीएसआय हवा रात्रभर निवून सकाळी चोवीस अंशांना साडेचोवीस झाली होती. तेवढ्या हवेवर मी सामानासकट महामार्गाच्या वेगानं निघालो होतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, सुटतो, दबतो, आणि त्या मळण्यानं तापतो. पहिल्या खेपेला जास्त हवेनं पाडलं, दुसऱ्या खेपेला कमी हवेनं पाडलं नाही हे नशीब.

वडिलांची आठवण त्या चहाच्या टपरीवर झाली. आमच्याकडे चेतक होती. पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टेपनी एकाच मापाची, म्हणून वडील त्यांची अदलाबदल करत. कुठलं चाक कधी कुठे लावलं ते दिनदर्शिकेच्या मागे लिहीत. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी चाकाला अंगठा दाबून बघत. अंगठ्याला काय कळतं, असं मी कॉलेजात त्यांना हिणवलंही होतं. आकडा कळत नाही, हे खरंच. पण ते दाबून बघायचे तेव्हा गाडी रात्रभर उभी असायची.

तेव्हापासून माझी वही आहे. शाळकरी, दोनशे पानी, चौकटीची. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात सावलीतलं तापमान, मग पुढचं-मागचं थंड, मग सेशनहून येऊन एका मिनिटाच्या आत मोजलेलं गरम. गाडी उन्हात उभी असेल तर कुठली बाजू उन्हात, हेसुद्धा. कारण काळा टायर उन्हात नुसता उभा राहूनही एखाद-दुसरा पीएसआय चढवतो आणि तुम्ही त्याला थंड समजून चालता. माझ्या गाडीवर, माझ्या बहात्तर किलोंना, फेब्रुवारीतल्या सकाळी मागे थंड सत्तावीस ठेवली की गरम बत्तीस-तेहेतीसला येऊन थांबते आणि टायर खूश असतो. हा आकडा दुसऱ्या कुणी उचलू नये. मीही तो मार्चमध्ये उचलत नाही.

वहीमुळे एक गंमत सापडली. पुण्यात घरी मोजलेली हवा चेन्नईकडे एखाद पीएसआयनं कमी भरायची. गळती म्हणून व्हॉल्व्हची पिन बदलली, तरी तेच. मग लक्षात आलं, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, बंगळूर नऊशेच्या वर, आणि ट्रॅक जवळजवळ समुद्राच्या पातळीला. खाली उतरलं की बाहेरची हवा जास्त दाबते, म्हणून तिच्यापेक्षा किती जास्त हे सांगणारा गेज कमी दाखवतो. पुण्याहून उतरताना जवळपास एक, बंगळूरहून दीड. चेन्नईची उष्णता ते भरून काढते, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. मला हे कळल्यावर मी बायकोला रात्री अकरा वाजता उठवून सांगितलं. तिनं "बरं" म्हणून कूस बदलली.

हवेनंतर हात लावून बघायचं ते कडेचं रबर. घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं असलं की उजवी वळणं जास्त, त्यामुळे उजवी कड आधी जाते. संध्याकाळी टायरवर तळवा फिरवला तर डावीकडे मखमल लागते आणि उजवीकडे बारीक लाटा. त्या लाटा ओळखायला शिकणं हे कुठल्याही ब्रँडच्या चर्चेपेक्षा जास्त कामाचं. रबर पुरेसं गरम नसताना त्याला ओढलं तरी ते फाटतं. अति तापून ओरबाडलं गेलं तरी फाटतं आणि कडेला निळसर झाक येते. या दोन्हींवर इलाज उलट आहे, आणि घाईत बघणारा नेमका चुकीचा करतो. कडेला चिकटलेल्या रबराच्या गोळ्या मात्र बघून छाती फुगवायचं कारण नाही. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्यांच्या टायरच्या असतात, ट्रॅकवर सांडलेल्या.

न घासलेली कड बघून, म्हणजे गाडी पुरेशी झोपवली नाही म्हणून, हसणाऱ्यांची एक वेगळी जमात सिंहगडाच्या पायथ्याला भेटते. तिथे एका पोरानं आपल्या टायरची कड पॉलिशपेपरनं घासून आणलेली मी पाहिली आहे. घाटात जाऊन ती खरोखर घासण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

नक्षी शिल्लक असतानाही टायर संपतो, हे मान्य करायला मला सर्वात जड गेलं. पैशाचा जीव असतो. रबराच्या चिकाला गंधक आणि उष्णता देऊन पक्कं करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडली. टायर कारखान्यात तोच संस्कार घेऊन निघतो. पण ट्रॅकवर प्रत्येक सेशनला तो पुन्हा तापतो, पुन्हा निवतो आणि आतली मऊ ठेवणारी तेलं थोडी थोडी उडतात. रबर अजून थोडं पक्कं होतं. नको तितकं पक्कं. वहीत दिसतं ते असं, की थंड हवा तीच, ऊन तेच, पण मागचं चाक पूर्वीपेक्षा दोन लॅप उशिरा भरवशाचं वाटतं आणि दोन लॅप आधी साबण होतं. शुद्धीवर असण्याचा काळ दोन्हीकडून आक्रसत येतो. महामार्गानं मधला भाग सपाट केलेला असतो तो वेगळाच. गाडी झोपवताना ती एका पायरीवरून उतरल्यासारखी वाटते.

गेल्या खेपेला तसंच वाटत होतं. सकाळी साडेसहाला, पिटच्या सावलीत, उकिडवा बसून गेज लावत होतो. शेजारी एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, नाशिकची गाडी, चालवत आलेला. नवे टायर, नवे बूट.

"काका, मागे किती ठेवताय?"

सत्तावीस, असं ओठांवर आलं होतं.

"तू केव्हा भरलीस?" मी विचारलं.

"आत्ताच, येताना. पंपावर."

"किती?"

तो हसला. काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. मी वहीचं कोरं पान काढलं, त्याला पेन दिलं आणि म्हटलं, आधी गाडी इकडे सावलीत घे.